घरच्या घरी फ्रीझ-ड्रायिंग : कुकर, एसीवाल्याचा पंप आणि डीप फ्रीझर

रानवाटा

नमस्कार मंडळी,

आमचा ट्रेकवाल्यांचा एक कंपू आहे, गोरेगाव-मालाडकडचा. दर वर्षी जूनमध्ये हिमालयात जातो. पाठीवरच्या सॅकमध्ये सगळ्यात जड काय असतं, तर खाणं. म्हणून बाजारातली फ्रीझ-ड्राय पाकिटं आणून पाहिली. वजनाला हलकी, गरम पाणी ओतलं की थोड्या वेळात जेवण तयार. पण महाग, आणि चव आपली नाही. आम्हाला हवी मसुराची आमटी, मटकीची उसळ, मऊ भात.

मित्राच्या आइस्क्रीमच्या दुकानातला आडवा डीप फ्रीझर मिळणार आहे, तो उणे २० ते २२ अंशांपर्यंत जातो. एसी दुरुस्तीवाले वापरतात तसा व्हॅक्यूम पंप नागदेवी स्ट्रीटला बघणार आहे. भांडं म्हणून मोठा कुकर, नाहीतर जाड स्टीलचं पातेलं आणि वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण. पदार्थ गोठवायचा, भांड्यात ठेवायचा, पंप लावायचा आणि बर्फाची थेट वाफ होऊ द्यायची, असा बेत आहे.

यात अडेल कुठे? आणि तयार झालेला माल मुंबईच्या हवेत टिकवायचा कसा? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर जरूर लिहा.

विरार_फास्ट

वाचतोय. सोलकढीची पूड जमली तर पहिलं गिऱ्हाईक मी.

गॅसकेट

रानवाटा, माझी सगळी नोकरी रेफ्रिजरेशनमध्ये झाली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

बर्फाचं पाणी न होता थेट वाफ व्हायची तर भांड्यातला वाफेचा दाब ६.११ मिलिबारच्या खाली हवा. चांगल्या अवस्थेतला दोन टप्प्यांचा पंप याच्या कितीतरी खाली जातो. व्हॅक्यूम पडेल, त्याची काळजी नको. अडचण पुढे आहे. १ मिलिबारला एक ग्रॅम बर्फाची वाफ सुमारे ११०० ते १२०० लिटर जागा व्यापते. एक ग्रॅमची! मिनिटाला ७० लिटर ओढणारा पंप या हिशोबाने तासाला जेमतेम साडेतीन ग्रॅम पाणी काढेल. उसळीतलं एक किलो पाणी काढायला अकरा-बारा दिवस रात्रंदिवस चालवावा लागेल. तोवर पंप तग धरणार नाही, कारण ती वाफ तेलात उतरते, तेल ताकासारखं पांढरं होतं आणि मग पंप हवासुद्धा नीट ओढत नाही.

म्हणून भांडं आणि पंप यांच्या मधे कोल्ड ट्रॅप लागतो. पदार्थापेक्षा बराच थंड असा एक डबा, ज्याच्या भिंतीवर वाफ बर्फ होऊन बसते. मग पंपाला फक्त हवा काढायची उरते. या सगळ्या खटाटोपाचा जीव या ट्रॅपमध्ये आहे. मी पाहिलेले बहुतेक हौशी लोक सगळे पैसे पंपावर घालतात आणि ट्रॅप म्हणून बर्फाच्या बादलीत नळीचे दोन वेढे ठेवतात. त्याचा काही उपयोग नाही. उणे २० अंशांच्या बर्फावरही वाफेचा दाब १ मिलिबारच्या आसपास असतो, उणे ४० ला तो ०.१३ पर्यंत उतरतो. ट्रॅप जितका थंड, तितकी ओढ जास्त.

रानवाटा

काका, हा हिशोब मला कुठेच मिळाला नव्हता. मग ट्रॅपसाठी सुका बर्फ वापरला तर? तो उणे ७८ अंशांना असतो. मुंबईत औषधं पाठवणारे, आइस्क्रीमवाले वापरतात, म्हणजे मिळायला अडचण नाही.

गॅसकेट

चालेल, उत्तम चालेल. स्टीलचा बंद डबा, त्याला दोन नळ्या, आणि तो डबा सुका बर्फ आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या लगद्यात बुडवायचा. नुसते खडे डब्याला धड टेकत नाहीत, म्हणून अल्कोहोल. ते पेट घेतं, तेव्हा जवळपास गॅस, देवाचा दिवा, काही नको. सुका बर्फ त्यात थोडा थोडा टाका, एकदम टाकलात तर उतू जातं.

किती लागेल ते आधीच बघून ठेवा. एक किलो वाफ गोठवताना जी उष्णता बाहेर पडते ती झेलायला निदान पाच किलो सुका बर्फ जातो. बाहेरून शिरणारी उष्णता धरली तर त्याहून जास्त.

आणि हे फार महत्त्वाचं: सुक्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो जमिनीलगत साचतो. खिडक्या उघड्या हव्यात. बंद काचांच्या गाडीतून आणू नका. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये कधीही भरू नका, फुटतो. हातात जाड मोजे.

आजीची_बरणी

एवढा व्याप कशासाठी, हे मला खरंच कळत नाही. आपल्याकडे वाळवणं काय कमी आहेत? शिजवलेला मोकळा भात ताटात पसरून वाळवा, गरम पाण्यात परत छान फुलतो. मेतकूट न्या, सातूचं पीठ न्या, सांडगे न्या. माझे दीर वर्षानुवर्षं कैलास-मानसरोवराच्या वाटेवर आणि इतरत्र हेच नेत आले. वीज नाही, पंप नाही, स्फोटाची भीती नाही.

सोनचाफा

बरणीताई, तुमच्या हातचे सांडगे मान्य आहेत, पण आमच्या टॉवरच्या गच्चीला कुलूप असतं आणि कुलूप उघडलं तर कबुतरं. कुरडया मी हल्ली गावाहूनच मागवते.

मात्र उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवलं की पदार्थ आकसतो, वरचा थर कडक होतो. फ्रीझ-ड्रायमध्ये बर्फ होता तिथे भोक राहतं, आकार तसाच राहतो, म्हणून पाणी झटकन शिरतं. कॉफीचं बघा ना, नेसकॅफे गोल्डचे दाणे फ्रीझ-ड्रायचे असतात. स्ट्रॉबेरी आणि कोथिंबीर यांच्यात तर हा फरक ताबडतोब कळतो. उन्हात वाळलेली कोथिंबीर म्हणजे गवत.

रानवाटा

बरणीताई, भात आणि मेतकूट आम्ही नेतोच. अडतं ते कडधान्यांपाशी. ४००० मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं. वाळवलेली मटकी तिथे मऊ व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ स्टोव्ह जळतो, म्हणजे गॅसचं डबडं एक जास्त. थंडीत, वाऱ्यात, अंधारात जेवायला तासभर थांबणं काय असतं ते सांगून कळणार नाही. पाणी ओतून झाकून ठेवलं आणि जेवण झालं, एवढ्यासाठी ही धडपड.

आजीची_बरणी

हे पटलं. उंचीवरच्या उकळीचं माझ्या ध्यानात नव्हतं. तरी भातासाठी पंप लावू नका, तो तसाच वाळवा.

खाडीकिनारा

आमच्या वेसाव्यात वलांडीवर बोंबील वाळताना बघायला या सगळे. ओल्या बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं. जबड्यात जबडा अडकवून जोडीने बांबूवर टांगतात, वारा आणि ऊन बाकीचं करतात. पावसाळा संपला की सुरू, मे अखेरपर्यंत चालतं. चांगला वारा असेल तर तीन-चार दिवसांत खडखडीत.

त्या वाऱ्याला पंप म्हणा हवं तर.

विरार_फास्ट

फ्रीझ-ड्राय बोंबील केले तर वास कमी येईल का? आमच्या सोसायटीत सुकट भाजली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच मेसेज.

खाडीकिनारा

वास गेला तर सुकं खायचं कशाला? खिडकी लावा आणि भाजा. वरून कांदा, कोकम, ओलं खोबरं. भाकरी तांदळाचीच.

सोनचाफा

धागा सुकटीच्या चटणीकडे वळला. :) आता भूक लागली.

प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवते. भांड्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आत व्हॅक्यूम असला की बाहेरची हवा भांडं दाबते, दर चौरस सेंटीमीटरला जवळपास एक किलो. २४ सेंटीमीटर व्यासाचं झाकण घेतलंत तर त्यावर साडेचारशे किलोंपेक्षा जास्त भार आला. पातळ अ‍ॅक्रिलिक आधी वाकतं, मग तडकतं. २० ते २५ मिलिमीटर जाडी हवी, कडेला भोकं पाडू नका, ओरखडे असलेला तुकडा घेऊ नका. साध्या काचेच्या बरण्या अजिबात नकोत. आमच्या प्रयोगशाळेत व्हॅक्यूमचा काचेचा डेसिकेटर (वस्तू कोरड्या ठेवायचं बंद भांडं) जाळीच्या पिंजऱ्यात ठेवूनच वापरतात, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय त्याच्याजवळ जायचं नाही असा नियमच आहे.

कुकरचंही बघून घ्या. ज्याचं झाकण आतून बसतं त्यात आतला दाब झाकणाला वर कडेशी आवळतो. व्हॅक्यूममध्ये सगळं उलटं, बाहेरची हवा झाकण आत ढकलते, गॅसकेट सुटते आणि हवा शिरते. त्यामुळे तसा कुकर घ्यायचा तर झाकण बाजूला ठेवा. जाड कुकरची कड घासून सपाट करा, त्यावर सिलिकॉनची सपाट गॅसकेट आणि वर अ‍ॅक्रिलिकची तबकडी. ती हवेनेच दाबून बसते, क्लॅम्प लागत नाही. काचेचं सामान, नळ्या, व्हॅक्यूम ग्रीस प्रिन्सेस स्ट्रीटला मिळेल.

सर्पदंशावरचं प्रतिविषही असंच वाळवून कुपीत भरतात, गावोगावी फ्रिजशिवाय पोचवता यावं म्हणून. तंत्र तेच. भांडी मात्र त्या कामासाठी बनवलेली असतात.

गॅसकेट

प्रयोगवही, अगदी नेमकं लिहिलंत. कुकरच्या झाकणाचं लोकांच्या लक्षात येत नाही.

दाब मोजायचं राहिलं. साधा काट्याचा गेज ७६ वर, म्हणजे जवळपास पूर्ण व्हॅक्यूमवर, टेकला म्हणून खूश होऊ नका. त्या काट्याला ५ मिलिबार आणि अर्धा मिलिबार सारखेच दिसतात, आणि आपलं सगळं काम त्या दोहोंच्या मधे चालतं. एसीवाल्यांचा डिजिटल मायक्रॉन गेज घ्या, तो अगदी कमी दाब मायक्रॉनमध्ये दाखवतो. १००० मायक्रॉन म्हणजे १.३३ मिलिबार. आकडा ५०० च्या आसपास राहिला तर पदार्थ गोठलेलाच आहे असं धरा. २००० च्या वर चढला तर एक तर गळती आहे, नाहीतर ट्रॅप भरला.

मधुमालती

माझा पेशा सूक्ष्मजीवांचा. एक गैरसमज वेळीच काढते. या पद्धतीत जंतू मरत नाहीत. प्रयोगशाळेत जंतूंचे वाण वर्षानुवर्षं जिवंत ठेवायला आम्ही नेमकं हेच करतो, बीसीजीची लस जिवंत जंतूंची असते आणि ती फ्रीझ-ड्राय करूनच पुरवतात. पाणी नाही म्हणून ते वाढत नाहीत, इतकंच. पाणी घातलं की जागे.

म्हणून पदार्थ नीट शिजवलेला हवा. भात शिजल्यावर ओट्यावर तासन् तास ठेवू नका, त्यातले बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत आणि कोमट भात त्यांना फार आवडतो. पसरट ताटात पटकन गार करून लगेच फ्रीझरमध्ये. डोंगरावर उकळतं पाणी घाला, भिजला की संपवा, सकाळसाठी ठेवू नका. कच्चं मटण-कोंबडी या घरगुती जोडणीत नको.

आणि अर्धवट वाळलेला पदार्थ हवाबंद पाकिटात भरणं हा सगळ्यात मोठा धोका. बाहेरून कुरकुरीत, मधे ओलसर, आत ऑक्सिजन नाही, ही बोट्युलिनम या विषारी जंतूसाठी सोयीची जागा. सगळ्यात जाड तुकडा मोडून बघा. मधे गार लागला तर अजून बर्फ आहे. वजन करा, परत दोन तास लावा, परत वजन करा. घटलं तर झालेलं नाही.

रानवाटा

मधुमालती ताई, हे छापून कपाटावर लावतो. मीठ-मसाला, गूळ घातलेली आमटी तशीच गोठवली तर चालेल ना?

प्रयोगवही

मीठ नंतर घाला. मिठाचं पाणी उणे २१ अंशांखाली जाईपर्यंत पूर्ण गोठत नाही, आणि तुमचा फ्रीझर तिथेच घुटमळतोय. न गोठलेला खारट द्रव व्हॅक्यूममध्ये उकळतो, फेस येतो, भांडंभर आमटी. गुळाचं याहून वाईट. ग्लुकोज, फ्रुक्टोज असलेला रस उणे ४० च्या आसपास जाईपर्यंत चिवट पाकासारखाच राहतो. हापूसचा रस, फणस, मध यांच्या वाटेला या जोडणीने जाऊ नका. कारखान्यातल्या यंत्रांत कप्पेच उणे ४० च्या खाली नेतात म्हणून तिथे आंबा जमतो. तुम्हाला करायचाच असेल तर फोडी करा, सुक्या बर्फात गोठवा आणि फार सावकाश जा.

आजीची_बरणी

हापूस असा वाळवायचाच कशाला? साठं घाला!

विरार_फास्ट

आणि माझी सोलकढी?

प्रयोगवही

नारळाच्या दुधात तेल आहे. पाणी निघून जाईल, तेल राहील, आणि भोकाभोकांच्या पुडीत त्याला हवा लागून खवट होईल. तूप, शेंगदाणे, खोबरं या सगळ्यांना हेच. आगळ बाटलीतून न्या आणि नारळाच्या दुधाची बाजारातली पावडर वेगळी घ्या. पाण्यात कालवली की झालं.

ठाणे_पूर्व

पंपच न लावता जमतं, हे कुणी का सांगत नाही? फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये उघडं ठेवलेलं सगळं वाळतंच. फ्रीझरच्या तळाशी विसरलेले मटार चुरमडून पांढरे पडतात, ते हेच. मी कोथिंबीर आणि कढीपत्ता जाळीच्या ताटलीत उघडा ठेवते, काही आठवड्यांत चुरगळता येतो, रंगही हिरवा राहतो. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरात बटाटे रात्री गोठवून, पायांनी तुडवून, दिवसा उन्हात वाळवतात, चुन्यो म्हणतात त्याला. शेकडो वर्षं चालू आहे, पंप कुठे होता?

गॅसकेट

पानांना आणि पातळ कापांना तुमची पद्धत खरंच चांगली. फक्त फ्रॉस्ट-फ्रीच हवा, त्यात पंखा हवा फिरवतो आणि ओलावा काढून टाकतो. रानवाटांचा आइस्क्रीमचा आडवा फ्रीझर तसा नाही, त्यात बर्फ भिंतीवर साठतो आणि हवा स्थिर असते. वाटीभर उसळ त्यात पावसाळा संपेपर्यंत वाळणार नाही. चुन्योचं म्हणाल तर तुडवताना बरंच पाणी पायाखालीच निघून जातं, आणि तिथली कोरडी हवा आपल्याकडे जानेवारीतसुद्धा नसते.

रानवाटा, एक गोष्ट अजून. वाफ व्हायला उष्णता लागते, एक किलो बर्फाला साधारण पाऊण ते एक युनिट. ती मिळाली नाही तर पदार्थ आणखी गार होत जातो आणि काम थंडावतं. ताटाखाली कमी वॅटची गरम होणारी पट्टी लावून अगदी मंद ऊब द्या. खोलीची उष्णता भांड्यातून शिरते तीही बरीच असते. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चोवीस तास चालला तर नऊ युनिटं जातील, तेवढी धरून चाला. पंपाच्या तोंडातून तेलाची वाफ येते, त्याला नळी लावून खिडकीबाहेर सोडा. खालच्या मजल्यावर कुणाचे कपडे वाळत नाहीत ना ते बघून.

सोनचाफा

साठवणुकीचं कुणी बोललंच नाही, आणि मुंबईत खरी परीक्षा तिथेच. बाहेर ८५-९० टक्के आर्द्रता असताना झाकण उघडलंत तर कुरकुरीत स्ट्रॉबेरी बघता बघता मऊ पडते. माझी पद्धत: पाकिटं, चमचे, सिलिका जेल सगळं आधी मांडून ठेवते, खोलीत एसी निदान तासभर आधी लावते, भांडं तिथेच उघडते आणि थेट भरते. फोटो नंतर. पाकिटं अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलीच घ्या, मस्जिद बंदरला पॅकिंगच्या सामानाच्या गल्ल्यांत मिळतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीतून ओलावा हळूहळू आत येतोच, झिपलॉक तर पावसाळ्यात भरवशाचं नाहीच. तोंड केस सरळ करायच्या इस्त्रीने दाबलं तरी पक्कं बसतं, दोनदा दाबा. आणि एका पाकिटात एकाच जेवणापुरतं, म्हणजे उघडलं की संपलं.

मधुमालती

+१. आणि पाकिटावर तारीख लिहा. घरगुती मालाला पंचवीस वर्षं टिकण्याच्या जाहिराती लागू नाहीत. शक्य ते डीप फ्रीझरमध्येच ठेवा, ट्रेकच्या आदल्या दिवशी काढा. पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरेल.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतोय: भात बरणीताईंच्या पद्धतीने, कोथिंबीर-कढीपत्ता ठाणे_पूर्व यांच्यासारखा, पंपावर फक्त मटकीची उसळ आणि मसुराची आमटी, दोन्ही अळणी आणि तेल अगदी कमी, अर्ध्या इंचापेक्षा पातळ थरात. मीठ आणि मसाल्याच्या पुड्या वेगळ्या. जाड तळाचा कुकर मिळालाय, कड सपाट करून घ्यायला लेथवाल्याकडे देतो. उणे २२ च्या फ्रीझरऐवजी पदार्थ गोठवायलाही सुका बर्फच वापरावा असं वाटतंय.

एक शेवटचं. दही जमेल का? डोंगरावर सहाव्या-सातव्या दिवशी दहीभाताची इतकी आठवण येते की काय सांगू.

मधुमालती

दही छान जमतं, आणि त्यातले विरजणाचे जंतू बऱ्यापैकी जिवंत राहतात. दुकानात मिळणारी विरजणाची पुडी अशीच केलेली असते. गार पाण्यात कालवा, गरम नको.

गॅसकेट

दही आधी फडक्यात बांधून टांगा आणि चक्का वाळवा. जेवढं पाणी रात्रभरात फडक्यातून फुकट निथळेल तेवढ्यासाठी सुका बर्फ लागणार नाही, किलोमागे पाच किलो वाचला. चक्का ताटात पातळ पसरून सुरीने चौकोन पाडा आणि मग गोठवा, म्हणजे नंतर सुटा निघेल. लेथचं काम झालं की कळवा, गळती तपासायला मायक्रॉन गेज घेऊन मी येतो.